खालच्यानं वर पाहू नये

दोन्ही तळहात उघडे करून पुढे धरायचे आणि म्हणायचं, "ढकलू नोका भाऊ. पाळी येऊ द्या." दवाखान्याच्या रांगेत कोणी रेटारेटी केली तरी तो हेच म्हणायचा, हॉटेलात चहा उशिरा आला तरी हेच, आणि वखारीचा शेठ अंगावर ओरडत आला तरी हेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस थंड आहे. मी स्वतः तापट. थंड माणसं पाहिली की माझं डोकं आणखी तापतं.

मी तेव्हा संग्रामपूरला सरकारी दवाखान्यात नर्स होते. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आमच्या पाटीवरचं जुन्या राज्याचं नाव खरवडून त्यावर नवं रंगवलं होतं, पण उन्हात तिरपं पाहिलं की खालचं जुनंही वाचता यायचं. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस मी, कंपाउंडर आणि बोरिक पावडर. रस्त्यापलीकडे लाकडाची वखार होती. सातपुड्यातून सागाचे ओंडके बैलगाड्यांवरून यायचे आणि तिथे त्यांच्या फळ्या पडायच्या. वखारीला भिंत नव्हती, नुसतं तारेचं कुंपण. माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं, म्हणून मी सांगते आहे त्यातलं ऐकीव फार थोडं आहे.

तुम्ही हातानं ओढायचा मोठा आरा चालताना पाहिला आहे का? आता मशिनी आल्या, त्यामुळे कदाचित नसेल. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवतात. एक जण वर ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खाली. मधे माणसापेक्षा लांब पातं, दोन्ही टोकांना मूठ. वरचा तो उस्ताद. सूत मारून आखलेली रेघ तो सांभाळतो. खालचा मान खाली घालून ओढत राहतो आणि सगळा भुसा अंगावर घेतो. दोघांनीही फक्त ओढायचं असतं. एकानं ढकललं की पातं वाकतं आणि फळी वाया जाते.

तळहात पुढे धरणारा तो माणूस म्हणजे त्या वखारीतला उस्ताद. त्याचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहिणार नाही. पस्तिशी ओलांडलेला, सडसडीत, हनुवटीवर लहानपणीचा व्रण. पहिल्या भेटीत त्यानं माझ्या आधी माझ्या टेबलाची चौकशी केली. वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, याचा एक पाय लंगडा हाये." दुसऱ्या दिवशी सागाची पाचर घेऊन आला, टेबलाच्या पायाखाली ठोकली आणि निघून गेला. मी आभार मानायच्या आत गेला, म्हणून मी चिडलेच.

त्याचा जोडीदार सुखदेव. देऊळघाटचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला, तिशीला टेकलेला आणि अजून बिनलग्नाचा. बोलका, हसरा, काम करताना गुणगुणणारा. दोघं वखारीमागच्या खोलीत राहायचे. स्वयंपाक सुखदेव करायचा आणि भाकरी करपली तर त्याचा दोष लाकडाला द्यायचा. मजूर असेच जोडीनं राहतात, त्यात कोणाला काही वावगं दिसत नव्हतं.

सुखदेवचे डोळे सतत आलेले असत. सागाचा भुसा फार वाईट. उस्ताद त्याला घेऊन यायचा. औषधाचा थेंब टाकताना सुखदेव लहान पोरापेक्षा जास्त हलायचा, मग उस्ताद मागून त्याचं कपाळ धरायचा.

"हालू नको बे. बाई सुई टोचतीन."

"सुई कुठं हाये त्याईच्या हातात?"

"काढतीन. तू हाल तं खरा."

एकदा मी विचारलं, हा खालचा माणूस तोंड वर करून काम करतो की काय? उस्ताद गंभीर झाला. "नाही बाई. पह्यल्या दिवशी म्या त्याले तेच शिकवलं. खालच्यानं वर पाहू नये. भुशाले दया नसते."

थेंब टाकून झाल्यावरही त्याचा हात सुखदेवच्या कपाळावरच असायचा. मी नर्स. कोण कोणाला कसं धरतं हे मी रोज पाहते. नवरा बायकोला धरतो, आई लेकराला धरते, भाऊ भावाला धरतो. हा हात कोणता, ते ओळखायला मला फार दिवस लागले नाहीत. त्या दोघांचा एकमेकांवर जीव होता, नवराबायकोचा असतो तसा. मला धक्का बसला का? बसला. काही दिवस मी उस्तादशी धड बोलले नाही. मग माझ्या ध्यानात आलं की मला धक्क्यापेक्षा भीती जास्त वाटते आहे. गाव एवढंसं, आणि वखारीला भिंत नाही.

सुखदेवचे डोळे काही सुधारेनात. शेवटी मी उस्तादला खडसावलं. "याला भुशाखाली ठेवलंस तर याचे डोळे जातील. याला दुसरं काम दे."

"दुसरं कोणतं बाई?"

"ते तू बघ. मी सांगायचं काम केलं."

त्यानं तळहात पुढे केले आणि सुखदेवला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर आरा सुरू होता, आणि वर सुखदेव उभा होता. उस्ताद खाली. डोक्याला फडकं बांधून, मान घालून, भुशात.

वखारीतली सगळी कामं थांबली होती. तुम्हा-आम्हाला यात काही वाटणार नाही. एक वर होता, तो खाली आला, संपलं. पण त्या धंद्यात एकदा वर चढलेला उस्ताद पुन्हा खाली उतरत नाही. हात चालेनासे झाले तर घरी बसतो, पण खाली उतरत नाही. वखारीतला एक म्हातारा सुतार माझ्याकडे गुडघ्यांना तेल न्यायला यायचा. तो त्या दिवशी तेल न घेताच बसून राहिला. "बाई, उस्ताद भावासाठी उतरत नाही, बापासाठी उतरत नाही. हा कोणासाठी उतरला?"

हा प्रश्न संध्याकाळपर्यंत गावभर झाला. इतकी वर्षं एका खोलीत राहून जे कोणाला दिसलं नव्हतं, ते त्यानं जोडीदाराचे डोळे वाचवले म्हणून दिसलं. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले, ते जास्त वाईट होतं. हॉटेलवाला त्यांचे पेले वेगळे ठेवायला लागला. एके सकाळी कोणीतरी आऱ्याच्या खालच्या मुठीत हिरव्या बांगड्या अडकवून ठेवल्या. मी खिडकीशी उभी होते. उस्तादनं त्या एकेक करून, एकही न फोडता काढल्या आणि भुसा गोळा करणाऱ्या बाईला दिल्या. "घ्या व माय, कोणाच्या तरी हरपल्या." आणि मान खाली घालून कामाला लागला.

सुखदेवला ते जमत नव्हतं. त्याचं गुणगुणणं बंद झालं. एक दिवस दोघं दवाखान्यात आले, आता डोळे उस्तादचे लाल होते. मी कापूस भिजवत होते तोच सुखदेव फुटला.

"काहाले उतरला तू खाली? म्या म्हटलं होतं?"

"डोळे हायेत तं सगळं हाये."

"लोक थुकून राह्यले आपल्यावर."

"थुकू दे. थुक डोळ्यात जात नाही."

सुखदेव हसला नाही. एरवी अशा बोलण्यावर तो गडाबडा हसला असता. "माह्या घरी समजलं तं दादा मले जित्ता ठेवणार नाही," तो हळू म्हणाला. "तुले समजून नाही राह्यलं."

चारचौघांत सुखदेव त्याला उस्ताद म्हणायचा आणि तुमी म्हणायचा. रागात ते विसरला होता. मी कंपाउंडरला पाणी आणायला पिटाळलं आणि त्यांच्याकडे पाठ करून बाटल्या पुसत राहिले. मागून उस्तादचा आवाज आला, "समजते मले." एवढंच. मी वळले तेव्हा दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले होते.

दादा, म्हणजे सुखदेवचा थोरला भाऊ, आला तो बाजाराच्या दिवशी. सोबत गावचे दोघं जण. देऊळघाटचा कोणी व्यापारी बाजाराला आला होता, त्यानं इथली बातमी तिकडे नेली, आणि तिकडे घाईघाईनं पोरगी पाहून सुखदेवचं लग्न ठरवून टाकलं होतं. दादा आरडाओरडा करणारा नव्हता. हातात छत्री, पांढरी टोपी, कष्टानं वाळलेला माणूस. कुंपणापाशी उभा राहून तो म्हणाला, "सुखदेव, उतर. घरी चाल."

आरा ओंडक्याच्या मधोमध होता. शेठ लगबगीनं पुढे आला. शेठला पोटातल्या वायूवर माझ्याकडून गोळी लागायची आणि अपशकुनांची भीती वाटायची. "अर्धं लाकूड सोडू नोका," तो म्हणाला. "वखारीले चांगलं नसते. तेवढं पुरं करू द्या, मंग न्या तुमच्या माणसाले." दादानं मान हलवली आणि छत्री उघडून उन्हात उभा राहिला.

तो ओंडका संपला की सुखदेव जाणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. बाजारातली माणसं पिशव्या घेऊन कुंपणाला लागली. मी खिडकीतच होते. दोघांनी ओढायला सुरुवात केली. एरवी त्यांचा आरा भराभर चालायचा, खर्र आणि खर्र, मधे खंड नाही. त्या दिवशी प्रत्येक ओढीनंतर तो थांबायचा. वरचा हात ढिला सोडायचा, खालचा लगेच ओढायचा नाही. त्या दोघांना तो ओंडका संपवायचा नव्हता, हे लहान मूलही सांगू शकलं असतं. दादालाही ते दिसत होतं. तो छत्रीची दांडी या हातातून त्या हातात घेत होता.

आणि मग मी पाहिलं, उस्तादनं डोक्याचं फडकं मागे सारलं होतं आणि तो वर पाहत होता. ओढायचा आणि वर पाहायचा. भुसा सरळ तोंडावर पडत होता. ज्यानं दुसऱ्याला पहिल्या दिवशी शिकवलं, खालच्यानं वर पाहू नये, तो सुखदेवच्या तोंडाकडे पाहत आरा ओढत होता, कारण ते तोंड पाहायला तेवढाच ओंडका उरला होता. मी चपला न घालता रस्ता ओलांडला. कुंपणाशी जाऊन म्हटलं, "मान खाली घाल. डोळे जातील." त्यानं ऐकलं नसेल असं नाही. मी त्याच्यापासून दहा हातांवर होते.

ओंडका चिरून झाला. फळ्या बाजूला पडल्या. सुखदेव वरून उतरला, उस्तादसमोर उभा राहिला. उस्तादच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, आणि ते नुसतं रडण्याचं पाणी नव्हतं, लाकडाची एक बारीक कूस आत रुतली होती.

"जाऊ?" सुखदेवनं विचारलं.

उस्तादनं तळहात उघडे केले. "म्या वढणार नाही, अन् ढकलणारही नाही. पाळी तुही हाये."

सुखदेव उभा राहिला, इतका वेळ की दादानं छत्री मिटली. मग तो खांद्यावर सदरा टाकून दादाच्या मागे चालू लागला. वळून पाहिलं नाही. मला त्याचा राग आला, आणि उस्तादचा त्याहून जास्त आला. एक शब्द बोलला असता, नको जाऊ म्हणाला असता, तर काय बिघडलं असतं? पण त्याच्या हिशेबात ते दुसऱ्याच्या पाळीत ओढणं होतं.

कूस मी काढली, पण तिचं टोक आत राहिलं. बुबुळावर पांढरा ठिपका धरला. मी त्याला अकोल्याच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं. चांगल्या शब्दांत सांगितलं, मग वाईट शब्दांत सांगितलं.

"म्या गेलो अन् तो आला तं?" तो म्हणाला. "खोलीले कुलूप पाह्यून वापस जाईन तो."

"तो येणार नाही. त्याचं लग्न लागलं असेल एव्हाना."

"लागलं असंन तं लागलं असंन. तसं सांगाले तरी येईन का नाही?"

"आणि तोवर डोळा गेला तर?"

"दुसरा हाये नं बाई."

शेठनं नवा जोडीदार आणून उभा केला. उस्तादनं त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. "ते मूठ त्याची हाये," एवढंच कारण. आऱ्याला दोन माणसं लागतात, त्यामुळे काम बंद झालं. शेठ कुऱ्हाडींचे दांडे घडवायला द्यायचा आणि रोज बोलून दाखवायचा की खोली रिकामी कर. उस्ताद सकाळी दारात बसायचा, आरा मांडीवर आडवा घ्यायचा, कानशीनं दाते घासायचा आणि दोन्ही मुठींना तेल लावायचा. डाव्या डोळ्यात फूल पडलं. एका डोळ्याचं दुखणं कधी कधी दुसऱ्यालाही लागतं, तसा उजवाही लाल होऊन अंधुक झाला. पुढे पुढे तो दवाखान्यात यायचा तेव्हा कुंपणाच्या तारेला हात लावत यायचा. एकदा आला, टेबलाला हात टेकला आणि म्हणाला, "पाचर ढिली झाली बाई." त्याच्या डोळ्यात औषध घालताना त्याचं कपाळ धरायला कोणी नव्हतं. ते मी धरायचे. तो अजिबात हलायचा नाही, आणि मला ते सहन व्हायचं नाही.

सुखदेव आला तो ऐन दुपारी, आणि आधी माझ्याकडे आला. गाल सुजलेला, ओठ फाटलेला. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "आत्ता सुचलं?"

तो उभाच राहिला. "लगन नाही केलं बाई."

"मग इतके दिवस?"

"हिंमत नोती. हळदीच्या आदल्या दिवशी पोरीच्या बापाले भेटलो. म्हटलं, तुमची पोर चांगली हाये, तिले माह्या गळ्यात बांधू नोका, जलमभर रडन थे. दादानं मारलं. माय म्हणाली, तू मले मेला." हे सगळं त्यानं एका सुरात सांगितलं. मग विचारलं, "त्याचे डोळे?"

"एक गेला. दुसरा वाचेल, लगेच अकोल्याला नेलास तर. तुझी वाट पाहत बसला म्हणून गेला नाही."

त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही. मी त्याचा ओठ पुसला, औषध लावलं आणि त्याला रस्त्याकडे बोट दाखवलं. मग सगळी कामं टाकून खिडकीशी गेले.

उस्ताद दारात बसला होता, आरा मांडीवर. सुखदेव समोर जाऊन उभा राहिला. उस्ताद कानस चालवत राहिला, त्याला समोरची सावलीसुद्धा नीट दिसत नसावी. सुखदेव खाली बसला. त्यानं आऱ्याची दुसरी मूठ धरली आणि हलकेच ओढली.

कानस थांबली. उस्तादनं ती खाली ठेवली, आपली मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. सुखदेवनं पुन्हा ओढली. मधे लाकूड नाही, काही नाही, भरदुपारी दोन माणसं एकमेकांसमोर बसून रिकामा आरा ओढत होती, आणि दोघंही रडत होती. मी खिडकी लावून घेतली. एवढी वर्षं उघडी ठेवली होती, तेव्हा पहिल्यांदा लावली.

इस्पितळासाठी चिठ्ठी मी लगेच लिहून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर सांगत आला की नांदुऱ्याच्या मोटारवाल्यानं आरा आत घ्यायला नकार दिला, आणि उस्ताद आरा सोडून जायला तयार नाही. मी तणतणत बाहेर पडले. डोळा मोठा की आरा मोठा, हे विचारायचं होतं मला.

ते नांदुऱ्याच्या रस्त्याला लागले होते. रेल्वे तिथूनच मिळते. सुखदेव पुढे, आऱ्याचं एक टोक त्याच्या खांद्यावर. दुसरं टोक मागे उस्तादच्या खांद्यावर. दात्यांवर गोणपाट गुंडाळलेलं. हॉटेलापुढे बसलेली माणसं पाहत होती. रस्त्यात खड्डा आला की सुखदेव पाऊल बाजूला टाकायचा, आरा तेवढाच वळायचा, आणि मागचा माणूस न पाहता खड्डा टाळायचा. आरा सोडायचा का नव्हता ते मला न विचारताच कळलं.

ते दोघं संग्रामपूरला परत आले नाहीत. दुसऱ्या डोळ्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी वळणापर्यंत पाहत उभी होते. उस्तादची मान वर होती, आणि मुठीवरचा त्याचा हात ढिला होता.